मदतीचं टेबल

तिसरी ब च्या सरांच्या वर्गात त्या वर्षी जे काही बिघडलं, ते सगळं त्यांच्या चांगुलपणामुळे बिघडलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट हेतूने बिघडलं असतं तर निदान कुणाला तरी चार शब्द सुनावता आले असते. इथे ज्याला सुनवायचं तो माणूस रोज सकाळी आरशात दिसायचा, आणि दाढी करताना आरशातल्या माणसाशी भांडणं धोक्याचं असतं.

शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळा उघडून आठवडा झाला होता आणि ऑफिसातल्या क्लार्क भाऊसाहेबांनी एक अर्ज सरांच्या पुढ्यात टाकला. नवा मुलगा, वय आठ, वडील शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करणारे, बदली होऊन आलेले. रकाना अकरा, ‘घरात बोलली जाणारी भाषा’. त्यात अशा एका भाषेचं नाव होतं, की मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

“सर, याला इंग्रजी येत नसणार,” मोठ्या बाई म्हणाल्या. “नियम माहितीय ना? वर्षभर वर्गातच मदत द्यायची. शेवटी भाषा-अधिकारी येणार, तोंडी तपासणी घेणार. मूल बोललं तर पुढच्या इयत्तेत. नाही बोललं तर पुन्हा तिसरीत.”

“बोलेल,” सर म्हणाले. “माझी जबाबदारी.”

सरांना बावीस वर्षांच्या नोकरीत कुणी कधी कसली जबाबदारी दिली नव्हती. स्नेहसंमेलनात पडदा ओढायची दिली होती, तीही एकदाच, आणि तो पडदा अर्ध्यावर अडकला होता. त्यामुळे ते कंबर कसून कामाला लागले. एका मुलाचं अख्खं वर्ष आपल्या हातात आहे, हा विचार त्यांना जेवताना, झोपताना आणि फळा पुसतानाही सोडेना.

आधी त्यांनी शिक्षण कार्यालयातून मार्गदर्शिका मिळवली. तिच्यात सातव्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की नवी भाषा शिकणारं मूल सुरुवातीला काही महिने गप्प असतं, त्याच्यावर बोलण्याची सक्ती करू नये, चित्रं आणि हातवारे यांचा वापर करावा. आठवं पान होतं की नाही, ते सरांना ठाऊक नाही. सातव्या पानावरच ते इतके भारावले, की त्यांनी पुस्तिका मिटून छातीशी धरली.

दुसऱ्या दिवशी मुलगा वर्गात आला. गोल चेहरा, नीट भांग, हातात डबा. त्याने तोंड उघडलं मात्र, सरांनी ओठांवर बोट ठेवलं, प्रेमाने मान हलवली आणि हाताने ‘बस’ अशी खूण केली. मुलगा बसला. मग सरांनी वर्गाकडे वळून इंग्रजीत सांगितलं, “हा आपला नवा मित्र. वर्गात याला कुणीही बोलायला लावायचं नाही. जो बोलायला लावेल त्याला मधल्या सुट्टीत बाहेर सोडणार नाही. खुणांनी सांगायचं. समजलं?”

एकोणचाळीस मुलांनी माना डोलावल्या. नव्या मुलानेही डोलावली. सूचना त्याला समजलेली पाहून सरांना इतका आनंद झाला, की ती का समजली असावी हा प्रश्न विचारायचं त्यांच्या मनातच आलं नाही.

घरी ते दुसरं काही बोलेनात. “आज त्याने खडू मागितला, खुणेने!” “आज तो माझ्याकडे बघून हसला!” पंधरा दिवसांत बायकोने मुलाचं नाव ‘तुमचा पाहुणा’ असं ठेवून टाकलं.

“अहो, पाहुण्याला आणलंत तर निदान तोंड तरी दिसेल,” ती म्हणाली. “मी काय म्हणते, त्याला सरळ विचारून बघा ना, काय येतं काय नाही.”

“सक्ती करायची नाही,” सर म्हणाले. “सातवं पान.”

शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. त्यांना दुसऱ्याच्या कामात सल्ला देण्याची हौस होती, आणि पेन्शनीत गेल्यापासून स्वतःचं काही काम नसल्याने सगळी हौस सरांवरच भागवली जायची. पाहुण्याच्या भाषेचं नाव ऐकताच पोस्टमास्तरांनी मांडीवर थाप मारली.

“अहो, येते मला! तिकडचं टपाल यायचं ना आमच्याकडे. मुलाशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोला, जीव टाकेल तुमच्यावर.” आणि त्यांनी सरांना एक वाक्य पाठ करून दिलं. त्याचा अर्थ ‘सुप्रभात, बाळ’ असा सांगितला.

सरांनी ते वाक्य आंघोळ करताना घोकलं, बस थांब्यावर घोकलं, आणि वर्षभर रोज सकाळी पाहुण्याला हसतमुखाने म्हटलं. पाहुणा तितक्याच हसतमुखाने ऐकून घ्यायचा आणि काहीच उत्तर द्यायचा नाही. सरांना वाटायचं, आपला उच्चार कच्चा आहे. मग ते आणखी घोकायचे.

मग टेबल. मार्गदर्शिकेत ‘मदतीचा कोपरा’ असा शब्द होता. सरांनी वर्गात खिडकीजवळ एक वेगळं टेबल मागितलं. भाऊसाहेब म्हणाले, टेबलासाठी अर्ज तीन प्रतींत लागतो. तीन प्रती दिल्या. मग म्हणाले, टेबल मंजूर आहे, पण खुर्चीचा विभाग वेगळा. खुर्चीच्या अर्जाला टेबल आल्याची पोच जोडायची होती, आणि टेबलाच्या पोचपावतीवर ‘सोबत खुर्ची मिळाली’ असा रकाना होता. या दोन कागदांच्या कात्रीत सात आठवडे गेले. तेवढ्या काळात पाहुणा टेबलापाशी उभा राहून शिकला. शेवटी शिपाईमामांनी स्टाफरूममधली डुगडुगणारी खुर्ची कुणाला न विचारता आणून ठेवली, आणि शासनाच्या दृष्टीने तो मुलगा आजतागायत उभाच आहे.

टेबलावर चित्रं हवीत. ती सरांनी स्वतः काढली. सरांची चित्रकला बेताची, त्यामुळे गाय, कुत्रा आणि कपाट यांत फरक दाखवायला खाली नाव लिहावं लागायचं. बायको रात्रीची भांडी आवरता आवरता म्हणाली, “हे काय, उशी?” सर म्हणाले, “ढग.” ती म्हणाली, “हं.” त्या एका ‘हं’ने सरांना इतकं लागलं, की पुढची पन्नास चित्रं त्यांनी दिवाणखान्यात तिच्याकडे पाठ फिरवून बसून काढली. तरी जिद्द अशी की दोनशे चित्रं झाली. चित्रांची दोरी खिडकीपासून दारापर्यंत गेली. वारा आला की सगळी जनावरं आणि कपाटं एकदम फडफडायची, आणि वर्गाचा पाठ दोन मिनिटं थांबायचा.

खुणांचं तर विचारूच नका. पाण्याची खूण, बाथरूमची खूण, ‘समजलं नाही’ची खूण. मुलांना याची इतकी गोडी लागली, की एकोणचाळीस जण वर्गात बोलायचेच बंद झाले. शेजारच्या तिसरी अ च्या बाईंनी तक्रार केली, की तुमच्या वर्गातून आवाज येत नाही, त्यामुळे आमच्या मुलांना आपलाच आवाज मोठा वाटून शरम वाटते. भाजीवाल्याला सरांनी एकदा अर्धा किलोची खूण केली आणि त्याने आदराने दुसऱ्या गिऱ्हाईकाला सांगितलं, “यांना आधी घेऊ द्या, बिचाऱ्यांना बोलता येत नाही.” सर भाजी न घेता घरी आले. भाजी का नाही आणली, हे त्यांनी बायकोला तोंडाने सांगितलं.

सहामाही परीक्षेत त्यांनी पाहुण्याला लेखी पेपरातून सूट दिली, तीही अर्ज करून. तरी मुलाने आपण होऊन पेपर घेतला आणि सगळी उत्तरं लिहून टाकली. सगळी बरोबर. सर तो पेपर घेऊन स्टाफरूमभर फिरले. “बघा! एक अक्षर समजत नाही पोराला, पण शेजाऱ्याचं बघून काय हुबेहूब उतरवतो! निरीक्षणशक्ती म्हणतात ती ही!” शेजाऱ्याच्या पेपरात नऊ उत्तरं चुकली होती, हे पीटीच्या सरांनी दाखवून दिलं. सर म्हणाले, “म्हणजे उतरवता उतरवता दुरुस्तही करतो,” आणि पीटीच्या सरांनी हात टेकले.

इथे कुणी विचारेल, वर्गातल्या एकाही मुलाने सरांना सांगितलं कसं नाही? कारण मुलं आज्ञाधारक होती. मधल्या सुट्टीत पाहुणा मैदानावर इंग्रजीतून असा काही बोलायचा, की खेळणारी मुलं खेळ सोडून त्याचं समालोचन ऐकत बसायची. आधीच्या गावी तो इंग्रजी शाळेतच होता. पण वर्गात त्याला बोलायला लावलं तर मधली सुट्टी बंद, आणि मधल्या सुट्टीपेक्षा मोठं सत्य तिसरीत नसतं.

वर्ष संपायला महिना राहिला आणि भाषा-अधिकारी बाई आल्या. शांत बाई, हातात एकच वही. सरांनी सकाळी सदरा दोनदा बदलला होता. पाहुणा बोलणार नाही याची त्यांना धास्ती होती, पण टेबल, दोरी, खुणा हे सगळं बघून बाई निदान काही महिने वाढवून देतील अशी आशाही होती. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. भाऊसाहेब खिडकीतून बघत होते, खुर्ची दिसू नये म्हणून शिपाईमामा तिच्यापुढे उभे होते.

अधिकारी बाईंनी दोनशे चित्रं बघितली. एकापाशी थांबून म्हणाल्या, “छान. ही उशी ना?” सर म्हणाले, “हो.” मग त्या पाहुण्यासमोर बसल्या आणि इंग्रजीतच सरळ म्हणाल्या, “बाळ, या टेबलावर तू काय शिकतोस?”

सरांनी घाईघाईने ‘बोलू नकोस, चालेल’ची खूण केली. मुलाने सरांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, “मॅडम, मी इथे गप्प बसायला शिकतो. मला सगळं येतं. पण सरांना मी बोललेलं आवडत नाही.”

वर्गात वारा आला आणि दोरीवरची सगळी जनावरं फडफडली. सरांना वाटलं, आपणही त्या दोरीवर एखाद्या चिमट्याला लटकलेले बरे.

दुपारी मुलाच्या वडिलांना बोलावलं. ते कामाचे कपडे घालूनच आले, गोंधळलेले. “घरात कुठली भाषा बोलतात असं विचारलं होतं. घरात आमची आईच बोलते, बाकी आम्ही ऐकतो. म्हणून तिची लिहिली. पोराला ती भाषा येतच नाही, शिव्या तेवढ्या कळतात.” मग जरा चाचरत म्हणाले, “सर, एक विचारू? तुम्ही रोज सकाळी त्याला जे म्हणता ते त्याने आमच्या आईला म्हणून दाखवलं. आई म्हणाली, त्याचा अर्थ ‘मालक घरी नाहीत, पत्र परत पाठवा.’ तुम्ही असं का म्हणत होता?”

पोस्टमास्तरांशी सरांनी पुढे दोन महिने बोलणं टाकलं, पण ते नंतर.

इथवर ही गोष्ट सांगून सर स्वतःच हसतात. स्टाफरूममध्ये त्यांनी ती अनेकदा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी इथेच थांबले आहेत. पण गोष्ट इथे संपली नाही.

अधिकारी बाई जायला निघाल्या तेव्हा भाऊसाहेबांकडे वळून म्हणाल्या, “बाकीच्यांचा रकाना अकरा दाखवा बरं.” एकोणचाळीस अर्ज, एकोणचाळीसांवर एकच उत्तर, इंग्रजी.

“सगळ्यांच्या घरी इंग्रजी बोलतात?”

भाऊसाहेबांनी कान खाजवला. “मीच सांगतो पालकांना, मॅडम. दुसरं काही लिहिलं की फाइल उघडावी लागते, टेबल मागवावं लागतं. शिवाय लोकांना वाटतं, इंग्रजी लिहिलं नाही तर प्रवेश मिळणार नाही. या नव्या मुलाच्या वडिलांनी अर्ज भरला तेव्हा मी जेवायला गेलो होतो.”

बाई परत वर्गात आल्या आणि एकेका मुलाला जवळ बोलावून खिडकीबाहेर काय दिसतं ते इंग्रजीत विचारू लागल्या. कुणी अडखळलं, कुणी चुकलं, पण सगळे बोलले. शेवटी खिडकीकडच्या रांगेतली शिंपीणबाईंची मुलगी आली. शाळेचे गणवेश शिवायच्या त्या बाई, त्यांची ही एकुलती एक. सरांना तिची अजिबात काळजी नव्हती. वर्गात सगळ्यात सुवाच्य वही तिची. फळ्यावरचं सगळं मोत्यासारख्या अक्षरात उतरलेलं. कविता तोंडपाठ. इतर हसले की हसायची, इतर उभे राहिले की उभी राहायची.

बाईंनी विचारलं. मुलगी हसली. पुन्हा विचारलं. मुलीने मान डोलावली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने सगळ्या वर्षात शिकलेली कविता सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली, आणि मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हिला काहीच समजत नाही, सर,” अधिकारी बाई हळू आवाजात म्हणाल्या.

“पण मॅडम, तिची वही बघा. मी तिला तीन तारे दिले आहेत.”

“वही सुंदर आहे.” बाईंनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. “वर्षभर मदत मिळाली असती तर बोलली असती. टेबल तर तुमच्याकडे होतं.”

नियम जो होता तो होताच. पाहुणा चौथीत गेला. शिंपीणबाईंची मुलगी तिसरीत राहिली. सरांनी मोठ्या बाईंना विनवलं, कार्यालयात खेटे घातले, तीन प्रतींत अर्ज दिले, या वेळी एकही प्रत कमी पडू दिली नाही. उत्तर आलं, की चूक नोंदवण्यात आली आहे आणि निर्णय कायम आहे.

घरी सांगायला दुसरं कुणी गेलं असतं. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, मी चिठ्ठी पाठवते. सर म्हणाले, मी जातो. चुकलेल्या माणसाने निदान चालत तरी जावं, असं त्यांना वाटलं.

शिंपीणबाईंचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल, खुंट्यांवर पुढच्या वर्षीचे गणवेश. मुलगी खाली बसून काजांचे दोरे कापत होती. सरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. चूक माझी, असंही म्हणाले. बाईंनी मशीन थांबवलं नाही. शिवण संपली, मग दोरा तोडला.

“सर, तिला येत नाही हे तुम्हाला कधी कळलं?”

“अधिकारी बाई आल्या त्या दिवशी.”

“मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “ती रोज घरी येऊन धडा वाचायची, मी विचारायचे याचा अर्थ काय, तर म्हणायची, ते शाळेत विचारत नाहीत. मला वाटलं तुम्हालाही माहीत असेल. तारे देत होतात ना. मला वाटलं, सरांना माहीत आहे आणि ते सांभाळून घेतायत. म्हणून मी काही बोलले नाही. आता मी अर्जावर खोटं लिहिलं, ते मी कुठल्या तोंडाने कुणाला सांगू?”

सर मुलीसमोर उकिडवे बसले. गुडघा कट्कन वाजला. एरवी मुलगी हसली असती.

“पुढच्या वर्षी तू त्या टेबलावर बसशील का?” त्यांनी विचारलं. “खिडकीजवळच्या?”

मुलीचा चेहरा असा उजळला, की सरांना तिच्याकडे बघवेना. “खरंच बसू?”

“खरंच.”

“मला खूप आवडतं ते. चित्रं आहेत, खाली नावं पण आहेत. मी बघायला यायचे.” तिने कात्री खाली ठेवली. “तीनदा आले होते, सर. तुम्ही म्हणालात, हे तुझ्यासाठी नाही, जागेवर जा. तिसऱ्यांदा तुम्ही डोक्यावरून हात पण फिरवलात.”

“मी?” सर म्हणाले.

“हो. आता जागेवर जायचं नाही ना?”

“नाही,” सर म्हणाले. “आता नाही.”

बाईंनी मशीन पुन्हा सुरू केलं. सर निघाले आणि जिन्याखालून बाहेर पडले. रस्ताभर ते आठवत होते. पाहुण्याने पहिल्यांदा खडू कधी मागितला, कुठल्या दिवशी हसला, कुठल्या चित्रावर बोट ठेवलं, हे सगळं त्यांना वार-तारखेसकट आठवत होतं. ती टेबलापाशी आलेली आणि त्यांनी तिला परत पाठवलेली, अशा त्या तिन्ही वेळा त्यांनी घरी पोचेपर्यंत आठवणीत शोधल्या. त्यातली एकसुद्धा त्यांना आठवली नाही.